निरवांगीचा मंगळ

मंगळावर जीव आहे की नाही, हा प्रश्न अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांना पडला ते ठीक होतं. त्यांना त्याचाच पगार होता. निरवांगीच्या हायस्कुलात दहावीत शिकणाऱ्या छकुलीनं तो अंगावर घ्यायची काही गरज नव्हती. पण त्या वर्षी, म्हणजे शहाण्णव साली, पंधरा ऑगस्टच्या भाषणात शाळेचा लाऊडस्पीकर बंद पडला आणि छकुली न थांबता बोलत राहिली. तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला, तिथून रस्त्यापलीकडच्या पिठाच्या गिरणीपर्यंत पोचला, आणि गिरणीवाल्यानं पट्टा थांबवून ऐकलं असं म्हणतात. तोवर ही मुलगी हजेरीला ‘हजर’ म्हणतानासुद्धा खाली बघायची. त्या दिवसापासून तिचं तोंड तिच्या डोक्याच्या दोन पावलं पुढं चालायला लागलं. पुढं जे काही झालं, ते सगळं या दोन पावलांच्या अंतरात झालं.

नोव्हेंबरात निंबाळकर सरांनी वर्गात विचारलं, "तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात कोण काय मांडणार?" तीन हात बायोगॅसला वर गेले, दोन ठिबक सिंचनाला, आणि एक सौरचुलीला. सौरचूल गेली चार वर्षं तीच होती, फक्त मुलगा दर वर्षी नवा असायचा. दहावीच्या मुलांनी यात पडू नये असा शाळेचा अलिखित नियम होता. छकुली उभी राहिली. तिच्या हातात पेपरचं कात्रण होतं, घड्या पडून पडून चार तुकडे व्हायला आलेलं.

"सर, आपल्या सूर्यमालेत दुसरीकडं जीवसृष्टी आहे का, यावर मी मांडणार."

कात्रणात असं होतं, की अंटार्क्टिकाच्या बर्फात एक दगड सापडला. तो मंगळावरून उडून आलेला आहे. त्याच्या आत किड्यासारख्या अतिबारीक खुणा आहेत, आणि त्या फार फार पूर्वीच्या जीवांच्या असू शकतील असं काही शास्त्रज्ञ म्हणतात. काही शास्त्रज्ञ म्हणत नाहीत. पण ते कात्रणाच्या मागच्या पानावर होतं आणि मागच्या पानावर निम्मी जाहिरात आली होती.

"विषय चांगला हाय," सर म्हणाले, "पण ठेवणार काय? नुसता तक्ता बघायला कोण थांबत न्हाय. वस्तू लागती."

"दगड आणते सर."

"कसला दगड?"

"आभाळातनं पडलेला. आमच्या बांधावर हाय."

वर्ग मागं वळून बघायला लागला. छकुलीही वळून बघणार होती, इतकं ते वाक्य तिला दुसऱ्याच कुणाचं वाटलं.

दगड होता, हे मात्र खरं. दादासोंच्या, म्हणजे छकुलीच्या वडलांच्या शेताच्या बांधावर गुडघ्याइतका उंच, शेंदरानं माखलेला आभाळबिरोबा बसलेला होता. पणजोबा मेंढरं घेऊन तिथं वस्तीला होते तेव्हा एकदा आभाळातनं जाळ आला, मोठा आवाज झाला, आणि पुढं चार दिवसांनी, मेंढरं त्या कडेनं चरून गेल्यावर, कधी न दिसलेला हा दगड उभा दिसला. तेव्हापासून त्याला शेंदूर लागत आला. मेंढरं गेली, विहीर आली, ऊस आला, लाईटचा खांब आला. बिरोबा होता तिथं होता. अमेरिकेला दगडासाठी अंटार्क्टिकापर्यंत जावं लागलं. छकुलीला ओढा ओलांडला की झालं.

अवघड होतं ते घरात सांगणं. दादासो इंदापूरच्या तहसील कचेरीत कारकून. एकानं दुसऱ्याचा बांध कोरल्याचे अर्ज वीस वर्षं त्यांच्या टेबलावरून जात होते, त्यामुळं माणसाच्या हेतूवर त्यांचा विश्वास उरलेला नव्हता. त्यांनी अर्ज वाचावा तसं छकुलीला शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आप्पा, मला अकरावी सायन्सला बारामतीला जायचंय," छकुलीनं त्याच दमात सांगून टाकलं. "मामाकडं राहीन. हे प्रदर्शन त्याच्यासाठीच."

आईनं भाकरी थापायची थांबवली. मुलीला परगावी ठेवणं हा त्या घरात अजून न घडलेला प्रकार होता. दादासोंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"तालुक्यात पैला नंबर आण," ते म्हणाले. "आणलास तर बारामती. न्हाय आणलास तर इंदापूरला आर्ट्स. सकाळच्या यष्टीनं जायचं, संध्याकाळच्या यष्टीनं यायचं. अट म्हंजे अट. मागनं रडायचं न्हाय."

एवढ्या मुलांत, त्यातही बायोगॅससमोर, पहिला नंबर येत नाही, या भरवशावर त्यांनी ही अट घातली होती. तो भरवसा छकुलीलाही त्यांच्या चेहऱ्यावर दिसला.

बातमी संध्याकाळपर्यंत आळीभर झाली आणि आळी सल्ले घेऊन ओट्यावर जमली. एकानं सांगितलं, मंगळाचं नाव मुलीच्या नावाबरोबर घेऊ नका, उद्या सोयरीक जमायला त्रास. दुसऱ्यानं सांगितलं, दगडापेक्षा कोंबडीचं पिल्लू ठेवा, जीवसृष्टी म्हणलं तर काहीतरी हललं पाहिजे. दादासोंचा चुलतभाऊ गेणबा, ज्याचं शेत बांधाच्या पलीकडं होतं, तो खांबाला टेकून बसला होता.

"तितं मंगळावर पाणी हाय का?" त्यानं विचारलं.

"पूर्वी असंल तात्या. आता गोठलेलं. पण गुरूचा एक चंद्र हाय, युरोपा म्हणत्यात, त्याच्यावर बर्फाच्या खाली समुद्र असावा असं वाटतंय."

"म्हंजे हिरीला पाणी हाय, पर वर खडक लागलाय." गेणबानं मान हलवली. "आन कारखाना किती लांब पडंल?"

"कसला कारखाना?"

"पाणी असल्यावर ऊस न्हाय का व्हणार? मग न्यायचा कुठं?"

यावर शास्त्रज्ञांचं काय मत आहे हे कात्रणात नव्हतं.

पण खरा अडसर रंगूआत्तीचा होता. ही दादासोंची आत्या. बिरोबाचं सगळं तिच्याकडं. शेंदूर तिचा, तेल तिचं, अमावस्येचा नारळ तिचा. देव जागचा हलवायचा म्हणजे देवाला विचारायला पाहिजे, आणि देव कौल देईल तेच खरं. छकुलीला हे मान्य करावं लागलं. आजवर कुठल्या शास्त्रज्ञाला प्रयोगाच्या आधी प्रयोगाच्या वस्तूची परवानगी घ्यावी लागली नसेल.

रविवारी सकाळी बांधावर पंधरा-वीस माणसं जमली. आत्तीनं शेवंतीच्या दोन पाकळ्या पाणी लावून देवाच्या दोन्ही अंगांना चिकटवल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

"बिरुबा, पोरगी तुला इंदापूरला नेती म्हणती," आत्ती म्हणाली. "जायचं का ते सांग."

देव विचार करायला लागला. पाच मिनिटं झाली, पंधरा झाली. छकुलीला वाटलं, डावी पाकळी जरा जास्तच सुकलीय. सुकलेली आधी पडणार. आत्तीनं डावीलाच कमी पाणी लावलं असेल का? मग तिला उजवीकडं आशा वाटायला लागली. मग वाटलं उजवी फारच चिकटून बसलीय. सरांना शब्द दिलेला, वर्गानं वळून बघितलेलं, आणि तिची बारामती एका पाकळीच्या कडेला लोंबकळत होती. अर्ध्या तासानं जमिनीतून एक मुंगी आली, उजव्या अंगानं वर चढली, पाकळीशी पोचली, आणि पाकळीची कड तोंडात धरून ओढायला लागली. पाकळी सुटली, मुंगीसकट खाली आली.

"दिला," आत्ती म्हणाली.

"ही मुंगीनं पाडली की," दादासो म्हणाले. कारकुनाला अशी नोंद चालत नाही. "ही कशी धरायची?"

"आन मुंगी कुणी धाडली?"

दादासोंनी पडलेली पाकळी उचलून उलटीसुलटी करून बघितली.

सगळ्यात नवल गेणबातात्याचं. भाऊबंदकी सुरू झाल्यापासूनच्या अकरा वर्षांत या घराच्या कुठल्याच गोष्टीला त्यानं हो म्हटलेलं नव्हतं. तो म्हणाला, "जाऊ द्या की देवाला. त्योबी किती दिस एकाच जागी बसंल? जग बघू द्या." इतकंच नाही, तर स्वतःची पहार घेऊन आला आणि स्वतः खणायला लागला. आत्तीच्या डोळ्यांत पाणी आलं. दादासोंच्या डोळ्यांत संशय आला. पण संशय त्यांच्या डोळ्यांत कायमच असायचा, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

वर गुडघ्याएवढा दिसणारा देव जमिनीत तेवढाच निघाला. खालचा भाग मातीनं लडबडलेला, पण चांगला चौकोनी होता. आभाळातून पडलेली वस्तू चौकोनी कशी, हा विचार छकुलीच्या डोक्यात आला. पण डोकं दोन पावलं मागं असल्यानं तो वेळेवर पोचला नाही. तिनं तेवढ्यात दुसरं एक काम केलं. शास्त्रज्ञ जागा मोजून ठेवतात असं कात्रणात नव्हतं, तरी ठेवत असतील असं तिला वाटलं. तिनं शाळेतून मैदान आखायचा टेप आणला होता. विहिरीच्या कठड्याच्या कोपऱ्यापासून खड्डा सत्त्याहत्तर फूट चार इंच. लाईटच्या खांबापासून एकशे बारा फूट. ओढ्याकडच्या मोरीपासून दोनशे नऊ. हे सगळं तिनं तक्त्यावर नकाशा काढून लाल शाईनं लिहिलं आणि वर मथळा दिला: ‘अवतरणस्थळ’.

"आता खड्डा राहू द्या," गेणबा म्हणाला. "मी बुजवतो. तुमी निवांत जावा."

देवाच्या अटी आत्तीनं सोमवारी सकाळी यष्टी यायच्या आधी सांगून टाकल्या. देव जमिनीवर टेकवायचा नाही. घोंगडीतच ठेवायचा. शेंदराला कुणी नख लावायचं नाही. अमावस्येच्या आत परत बसवायचा. आणि ती स्वतः बरोबर येणार, उपाशी. म्हणजे प्रदर्शनात एक मुलगी, एक देव आणि एक उपाशी म्हातारी अशी मांडणी होणार, हे तेव्हाच ठरलं.

यष्टीत कंडक्टरनं घोंगडीकडं बघितलं. "हे काय?"

"देव हाय," आत्ती म्हणाली.

"सामान हाय. लगेज लागंल."

"देवाला लगेज? तुझ्या घरी देवाला सामान म्हणत्यात व्हय रं?"

"मग माणूस म्हणून तिकीट काढा. वय काय?"

"सत्तर वर्सं झाली आभाळातनं पडून."

"मग फुल."

"उंची बघ की त्याची."

मागची माणसं ओरडायला लागली. कंडक्टरनं घोंगडी जराशी बाजूला केली, शेंदूर दिसल्यावर नकळत कपाळाला हात लावला, आणि मग काही न बोलता एक अर्धं तिकीट फाडून देवाच्या अंगावर खोचलं. यष्टी वळली तेव्हा खिडकीतून शेत दिसलं. गेणबातात्याचा ट्रॅक्टर बांधाच्या कडेनं चालला होता. तात्यानं हात हलवला. "बघ गं," आत्ती म्हणाली, "किती माया माणसाला." छकुलीनंही हात हलवला.

प्रदर्शन इंदापुरात एका शाळेच्या हॉलमध्ये होतं. छकुलीच्या टेबलावर सूर्यमाला होती: सायकलच्या रिमवर तारांना बांधलेले ग्रह, पृथ्वीला निळी शाई फासलेला चेंडू, मंगळाला गेरू लावलेलं लिंबू. मध्ये सूर्य म्हणून तिनं मांडववाल्याकडून पाचशे वॉटचा हॅलोजन आणला होता. शेजारी घोंगडीवर बिरोबा, त्याच्यामागं स्टुलावर आत्ती. वर पाटी: ‘हा दगड मंगळावरून आला असेल का?’ या प्रश्नचिन्हावर छकुलीचा फार भर होता. रात्री पाटी रंगवताना तिनं ते दोनदा मोठं केलं होतं.

शेजारचा बायोगॅस पेटला. टाळ्या झाल्या. छकुलीनं मंगळाचं लिंबू उगाच सरळ केलं. परीक्षक होत्या बारामतीच्या एका कॉलेजात शिकवणाऱ्या बाई, साधी सुती साडी, खांद्याला पिशवी, आणि प्रत्येक टेबलापाशी त्या एकच प्रश्न विचारत होत्या, "हे तुला कसं कळलं?" बायोगॅसवाल्याला तो प्रश्न सोपा होता. त्याला ते निंबाळकर सरांकडून कळलं होतं. छकुली मनात उत्तर घोळवत होती: आम्हाला आत्तीनं सांगितलं, आत्तीला तिच्या वडलांनी. हे बोलून दाखवायच्या आधीच तिला फार तोकडं वाटायला लागलं.

आणि त्याच वेळी दारातून दादासो आत आले. एकटे नव्हे. बरोबर नायब तहसीलदार साहेब.

कचेरी जवळच होती. साहेबांनी सहज विचारलं असेल, आज अर्धा दिवस रजा कशाला. दादासोंनी सहज सांगितलं असेल. अट घालणारा माणूस साहेबांना घेऊन येईल असं छकुलीला स्वप्नातही वाटलं नव्हतं. दादासोंनी नवा शर्ट घातला होता. ते साहेबांना म्हणत होते, "आमची थोरली. मंगळावर हाय." म्हणजे मंगळ या विषयावर.

परीक्षक बाई, साहेब, दादासो, तिघं एकदम टेबलापाशी आले. छकुलीनं बोलायला सुरुवात केली. आवाज पंधरा ऑगस्टचाच लागला. तिनं गुरू सांगितला, युरोपा सांगितला, बर्फाखालचं पाणी सांगितलं, मंगळाचा दगड सांगितला. हॅलोजन तासभर जळत होता. सत्तर वर्षांचा शेंदूर आणि सत्तर वर्षांचं तेल त्याच्यासमोर दोन वितींवर होतं. आधी एक थेंब ओघळला. मग भाजलेली शेंग फुटावी तसा आवाज आला. मग कपाळापासून बुडापर्यंत एक भेग गेली, आणि देवाची खोळ, तो बोटभर जाडीचा शेंदराचा सगळा थर, नारळाची करवंटी सुटावी तशी अखंड सुटून घोंगडीवर पडली.

आत काळा, चौकोनी, छिन्नीनं नीट घडवलेला दगड होता. डोक्यावर फुली कोरलेली. पोटावर आकडे.

शेजारचा बायोगॅसवाला आपली शेगडी सोडून बघायला आला.

साहेब वाकले. आकडे वाचले. मग सरळ झाले आणि कचेरीतल्या आवाजात म्हणाले, "दादासो, हा दगड कुठून आणला?"

दादासोंच्या तोंडून जन्मात पहिल्यांदा नोंद न तपासता उत्तर गेलं. "आभाळातनं, साहेब."

"हा हद्दीचा दगड आहे. इंग्रजांच्या वेळच्या मोजणीचा."

छकुलीला तेव्हा सगळं एकदम दिसलं. आभाळात जाळ झाला असेलही. पण पणजोबांनी त्यानंतर शोधलं आणि मेंढरांनी गवत खाल्लं. दगड आधीपासून गवतात उभा होता. तो पडला नाही, उघडा पडला. आणि ज्यांच्या टेबलावरून बांध कोरल्याचे अर्ज जात होते, त्याच माणसाच्या मुलीनं, देवाची परवानगी काढून, यष्टीत अर्धं तिकीट काढून, सरकारी हद्दीची खूण उपटून तालुक्याच्या गावी प्रदर्शनात मांडली होती. वरून प्रश्नचिन्ह लावून.

"हद्दीची खूण हलवणं गुन्हा आहे, माहीत आहे ना?" साहेब म्हणाले.

"साहेब, त्याचे अर्ज मीच…" दादासो सांगायला लागले. मग त्यांना दुसरी गोष्ट सुचली आणि त्यांचा चेहरा आणखी उतरला. "गेणबा. सकाळी ट्रॅक्टर."

माया म्हणून हलवलेला तो हात छकुलीला आठवला. मऊ मातीत आता ना खड्डा असणार, ना बांध.

"जागा कुठं होती ते सांगता येईल का कुणाला?" साहेबांनी विचारलं. "नाहीतर दोन्ही बाजू वेगवेगळी जागा दाखवणार, आणि मग पंधरा वर्षं तुम्ही आमच्याकडं आणि आम्ही तुमच्याकडं."

छकुलीनं तक्त्याकडं बोट दाखवलं. बोलायचं होतं, पण तोंड या वेळी डोक्याच्या मागं राहिलं. साहेब तक्त्याजवळ गेले. लाल शाईनं लिहिलेले आकडे त्यांनी दोनदा वाचले. विहीर, खांब, मोरी.

"हे कुणी मोजलं?"

"मी."

"कशाला?"

"जागा मोजून ठेवायला पायजे ना, म्हणून."

खिशातून कागद काढून साहेबांनी ते आकडे उतरवून घेतले. आत्ती इतका वेळ खोळीवर पदर घालून बसली होती, ती तेवढ्यात म्हणाली, "सायेब, देवाच्या अंगावर उजेड मारू नगा, त्यो उघडा हाय." कुणीतरी हॅलोजन बंद केला.

परीक्षक बाई मात्र जागच्या हलल्या नव्हत्या. त्यांनी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "तुझा प्रश्न राहिला," त्या म्हणाल्या. "आपल्या सूर्यमालेत दुसरीकडं जीव आहे का? आता काय सांगशील?"

पाठ केलेलं सगळं खोळीबरोबर गळून पडलं होतं. छकुलीनं उघड्या दगडाकडं बघितलं, मग कात्रणाकडं.

"असू शकंल बाई," ती हळू म्हणाली. पंधरा ऑगस्टनंतर पहिल्यांदाच हळू. "त्या दगडातल्या खुणा जीवाच्या असतीलबी, नसतीलबी. पण आमी सत्तर वर्सं खरवडून बघितलं न्हाय. त्यांनी बघावं. तोवर शेंदूर लावायचा न्हाय."

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. जाताना दादासोंकडं वळून म्हणाल्या, "आमच्याकडं अकरावीचे फॉर्म जूनमध्ये मिळतात."

पहिला नंबर बायोगॅसला गेला. छकुलीला उत्तेजनार्थ मिळालं.

त्यानंतरचे सहा दिवस घरात कुणी मंगळाचं नाव काढलं नाही. दादासो कचेरीत जात आणि परत येत. रोज येताना त्यांचा चेहरा बघून छकुली अंदाज बांधायची, आज नोटीस आली की नाही. अट म्हणजे अट, हे ती स्वतःलाच सांगत होती, म्हणजे त्यांनी सांगितल्यावर कमी लागेल. इंदापूरच्या सकाळच्या यष्टीची वेळही तिनं पाठ केली. बिरोबा पडवीत घोंगडी पांघरून होता आणि येणाराजाणारा त्याला नमस्कार करावा की नाही या संकोचात नुसताच थांबून पुढं जात होता.

सातव्या दिवशी मोजणीदार आला. शेतात बांध नव्हताच. गेणबा आपल्या बाजूनं ठाम उभा होता आणि दादासोंच्या विहिरीच्या पार जवळची जागा दाखवत होता. "हितंच व्हता देव. मीच खणलाय की माझ्या हातानं."

मोजणीदारानं जुना नकाशा उघडला, साखळी टाकली, यंत्र लावलं, दोन तास उन्हात फिरला, आणि एका जागी लोखंडी खुंटी ठोकली. मग साहेबांनी पाठवलेला कागद काढून छकुलीच्या हातात टेपचं टोक दिलं. विहिरीपासून. खांबापासून. मोरीपासून. माणसं बांधासारखी रांगेत उभी राहून बघत होती. छकुलीनं प्रत्येक वेळी टोक दोन्ही हातांनी दाबून धरलं.

छकुलीची जागा खुंटीपासून चार बोटांवर आली.

"चार बोटं सोडा," मोजणीदार म्हणाला. "ती माझी असतील."

गेणबानं टोपी काढून डोकं खाजवलं. "मला वाटलं," तो म्हणाला, "देव काय आता परत येत न्हाय. त्याला मंगळाची वढ लागली असंल."

"तात्या," दादासो म्हणाले, "ट्रॅक्टर हाय न्हवं तुमच्याकडं? देव आणायचाय घरनं."

दगड पुन्हा बसला. माती ओढायच्या आत रंगूआत्ती शेंदराची वाटी घेऊन पुढं झाली.

"आत्ती, त्यो आभाळातनं न्हाय पडला," छकुली म्हणाली. "सरकारनं रोवलाय."

"रोवला असंल. सत्तर वर्सं पाया पडलेल्या फुकट जात्यात व्हय?" आत्तीनं पहिलं बोट फुलीवरच टेकवलं. जुनी खोळ तिनं नरसिंहपूरला नेऊन संगमात सोडायची ठेवली होती. मोजणीदारानं नमस्कार केला. देवही होता आणि सरकारी खूणही होती, त्याला दोन्ही बाजूंनी करणं भाग होतं.

घरी परतताना दादासो पुढं चालत होते. ओढ्यात चप्पल हातात घेऊन उभे असताना त्यांनी विचारलं, "फॉर्म जूनमध्येच मिळत्यात म्हणाल्या ना त्या बाई?"

"व्हय."

"तारीख काढून ठेव. आपल्याकडनं उशीर नको."

नंबर, अट, यांतलं काही ते बोलले नाहीत. छकुलीनंही आठवण करून दिली नाही. तोंड आणि डोकं त्या वेळेला बरोबर चाललं होतं.

सत्त्याण्णवच्या जूनमध्ये अमेरिकेचं एक यान मंगळाच्या वाटेवर होतं, महिन्याभरात पोचणार होतं. छकुली निरवांगीच्या स्टॅंडवर पत्र्याची पेटी घेऊन उभी होती. दादासो चौथ्यांदा सांगत होते की मामाचा पत्ता पेटीत वरच ठेवलाय, आणि तो वरच आहे का हे बघायला त्यांनी पेटी दोनदा उघडायला लावली होती. बारामतीची यष्टी आली. कंडक्टर तोच. पेटी चढवताना त्यानं तिला ओळखलं.

"काय गं, आज देव कुठं?"

"बांधावर हाय."

"मग अर्धं देऊ का?" तो हसला.

छकुलीनं खिडकीतून एकदा आप्पांकडं बघितलं. ते यष्टीच्या चाकाकडं बघत होते, जणू तिथं हवा कमी असल्याची नोंद करायची होती.

"न्हाय," ती म्हणाली. "एक फुल, बारामती."